तुमची गाडी ई२० वर चालते का? घरबसल्या कसं शोधायचं, स्टेप बाय स्टेप

हल्ली सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन माणसं गाडीपाशी उभी राहिली की विषय हाच, आपल्या गाडीला हे ई२०, म्हणजे ऊस-धान्यापासून बनणारं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, चालतं का. आणि उत्तरं देणारे दोन टोकांचे असतात, एक म्हणतो काय होत नाही बिनधास्त भर, दुसरा म्हणतो इंजिन गेलंच म्हणून समज, आणि गंमत म्हणजे दोघांनीही आपल्या गाडीचं मॅन्युअल कधी उघडलेलं नसतं. म्हणून हे लिहितोय. ज्यांना गाडीतलं फारसं कळत नाही त्यांनी पण करता येईल असंच सगळं आहे, पाना-स्क्रूड्रायव्हर काही लागत नाही, आरसी, मॅन्युअल आणि मोबाईल एवढं जवळ घेऊन बसा.

डिझेलवाल्यांनी हे सोडून दिलं तरी चालेल, डिझेलचा पंपावरच्या या प्रकाराशी संबंध नाही. सीएनजीवाल्यांनी मात्र वाचा. तुमच्या गाडीत पेट्रोलची टाकी असतेच, आणि उलट तुमचं पेट्रोल महिनोन्महिने टाकीत पडून राहतं, त्याबद्दल खाली सांगतो.

आधी आकडे समजून घ्या

ई१० म्हणजे पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल, ई२० म्हणजे २० टक्के, ई८५ म्हणजे ८५ टक्क्यांपर्यंत, ई१०० म्हणजे जवळपास सगळंच इथेनॉल. आपल्याकडे हे काही काल सुरू झालेलं नाही, २००३ मध्ये ५ टक्क्यांपासून सुरुवात झाली होती, पण बरीच वर्षं ते कागदावरच जास्त होतं. देशभर सरासरी १० टक्के झालं जून २०२२ मध्ये, आणि ६ फेब्रुवारी २०२३ ला बेंगळुरूत ई२० चं उद्घाटन झालं तेव्हा ते फक्त ८४ पंपांवर होतं. २०३० चं टार्गेट आधीच अलीकडे ओढून घेतलं होतं, त्यामुळे २०२५ पर्यंत जवळजवळ सगळीकडे साधं पेट्रोल म्हणजे ई२० च झालं. इथेनॉल नसलेलं पेट्रोल पण पंपावर ठेवा अशी याचिका सुप्रीम कोर्टात गेली होती, ती सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. म्हणजे तुम्ही ई२० भरताच आहात, गाडी कुठलीही असो. आता एवढंच शोधायचं की गाडीला ते कितपत मानवतंय.

इथे सगळे घोळ घालतात: प्रश्न एक नाही, दोन आहेत

हे नीट वाचा, बाकी सगळं यावर आहे.

पहिला प्रश्न, गाडीचे पार्ट इथेनॉल सहन करतात का. पेट्रोलच्या वाटेवर जे जे रबर आणि धातू लागतं, म्हणजे टाकी, फ्युएल पंप, होज पाइप, ओ-रिंग, गास्केट, इंजेक्टर, ते सगळं. इथेनॉलमध्ये काही प्रकारचं जुनं रबर फुगतं, नरम पडतं आणि मग चिरतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं त्यामुळे काही धातूंना गंज लवकर चढतो. नवीन गाड्यांत यासाठी वेगळं रबर वापरतात. याला कंपन्या मटेरियल कम्पॅटिबल म्हणतात.

दुसरा प्रश्न, इंजिन ई२० साठी ट्यून, म्हणजे कॅलिब्रेट, केलंय का. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, आणि ते जळायला हवाही कमी लागते. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९ किलो, ई२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन थोडं जास्त सोडावं लागतं. उलट ऑक्टेन, म्हणजे इंजिनात वेळेआधी न पेटण्याची ताकद, जास्त मिळतं, इथेनॉलचं ऑक्टेन १०८ च्या आसपास असतं, त्यामुळे जे इंजिन ई२० धरूनच बनवलंय ते या ऑक्टेनचा फायदा घेऊ शकतं, जुनं इंजिन तो फायदा घेत नाही, फक्त तोटा सोसतं.

म्हणून शोरूमवाला "हो साहेब, ई२० चालतं" म्हणाला तर लगेच विचारायचं, पार्टपुरतं का ट्युनिंगसकट? उदाहरण देतो, होंडाने जाहीर सांगितलंय की १ जानेवारी २००९ पासून भारतात बनलेल्या त्यांच्या गाड्या ई२० ला मटेरियल कम्पॅटिबल आहेत. चांगली गोष्ट आहे. पण याचा अर्थ २०१० च्या सिटीचं इंजिन ई२० साठी ट्यून केलेलं आहे असा होत नाही, पाइप सडणार नाहीत एवढाच होतो. ॲव्हरेज थोडं पडणारच.

स्टेप १: टाकीचं झाकण उघडा

सगळ्यात सोपं. बाहेरची फ्लॅप उघडून आतल्या बाजूला बघा, ई२० असं स्टिकर असेल, काही गाड्यांत गोलात ई५, ई१० असं लिहिलेलं असतं. मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार गाडी किती इथेनॉल झेपवते ते कंपनीने ठरवून गाडीवर ठळक स्टिकर लावून दाखवायचं असतं, त्यामुळे नव्या गाडीवर ते सापडायला हवं. ई२० दिसलं की निम्मं काम झालं.

स्टिकर नाही म्हणून घाबरायचं पण नाही. जुन्या गाडीवर ते नसणारच, आणि सेकंडहँड गाडी रंगवून घेतलेली असेल तर रंगाऱ्याने फ्लॅपवरचं सगळं काढून टाकलेलं असतं. आणि "अनलेडेड फ्युएल ओन्ली" एवढंच लिहिलेलं असेल तर ते शिशाबद्दल आहे, इथेनॉलशी त्याचा संबंध नाही.

स्टेप २: मॅन्युअल

ग्लोव्ह बॉक्समध्ये पीयूसी आणि जुन्या सर्व्हिस बिलांच्या खाली असतं ते पुस्तक. हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या साइटवर पीडीएफ मिळते, फक्त आपल्याच मॉडेलची आणि आपल्याच वर्षाची घ्या, फेसलिफ्टच्या आधीची आणि नंतरची पुस्तकं वेगळी असतात. पीडीएफमध्ये इथेनॉल, ब्लेंड, गॅसोहोल हे शब्द इंग्रजीत टाकून सर्च करा. गॅसोहोल हा शब्द मुद्दाम सांगतोय कारण काही जुन्या मॅन्युअलमध्ये इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला तोच शब्द असतो आणि लोक ई२० शोधून "काही लिहिलंच नाही" म्हणून पुस्तक मिटतात.

"१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल वापरू शकता" असं वाक्य असेल तर तुमची गाडी ई१० ची. २० टक्के लिहिलं असेल तर ई२० ची. काहीच नाही, तर मग पुढची स्टेप. आणि ते पान सापडलं की त्याचा फोटो काढून ठेवा, नंतर सर्व्हिस सेंटरशी बोलताना तोच कामाला येतो, तोंडी वाद कोण घालत बसणार.

स्टेप ३: आरसी काढा, पण पासिंगची तारीख बघू नका

आपण सगळे गाडीचं वय पासिंगवरून मोजतो, "माझी २०२३ पासिंगची आहे". इथे ते चालत नाही. आरसीवर रजिस्ट्रेशनची तारीख वेगळी असते आणि उत्पादनाचा महिना-वर्ष वेगळं, आपल्याला दुसरं हवंय. स्मार्ट कार्डावर बारीक अक्षरात असतं, दिसत नसेल तर एमपरिवहन किंवा डिजिलॉकरमध्ये आरसी उघडा.

आता या तारखा लक्षात ठेवा:

साधारण २००८ पासूनच्या गाड्या ई१० सहन करतील अशा पार्टच्या, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल रोडमॅपमध्ये धरलेलं आहे. त्याच्या आधीची गाडी असेल तर ती पूर्ण जुन्या पेट्रोलची समजा.

१ एप्रिल २०२० ला बीएस६, म्हणजे गाडीच्या धुराचा नवा निकष, आलं. पण बीएस६ म्हणजे ई२० नाही! हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. काचेवर आतून लावलेला निळसर स्टिकर असतो ना नंबर प्लेटसोबत येणारा, त्याच्यावर हिरवी पट्टी असली की गाडी बीएस६, एवढंच कळतं, फेज १ का फेज २ ते नाही. २०२० ते २०२३ मधल्या काही गाड्या ई२० ला चालणाऱ्या आहेत, काहींच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट ई१० लिहिलंय. कंपनीप्रमाणे फरक, एकाच कंपनीत मॉडेलप्रमाणे पण फरक.

१ एप्रिल २०२३ पासून बीएस६ फेज २, म्हणजे त्याच निकषाचा पुढचा टप्पा, आणि रोडमॅपमध्ये ई२० सहन करणाऱ्या पार्टच्या गाड्यांची तारीख पण हीच. ई२० साठी ट्यून केलेल्या इंजिनाची तारीख १ एप्रिल २०२५. काही कंपन्यांनी दोन्ही आधीच केलं.

आता बघा, फेब्रुवारी २०२३ मध्ये फॅक्टरीतून निघालेली गाडी डीलरच्या यार्डात पडून राहून डिस्काउंटमध्ये जूनला विकली जाऊ शकते, आरसीवर पासिंग जून २०२३, मालक म्हणणार माझी तर एप्रिलनंतरची आहे. म्हणून उत्पादनाचा महिना बघा म्हणतोय. नव्या गाड्यांपैकी काहींच्या आरसीत इंधनाच्या रकान्यातच पेट्रोलच्या पुढे ई२० लिहून येतं, तसं असेल तर प्रश्नच मिटला.

नेटवर चॅसी नंबरचं दहावं अक्षर बघून वर्ष काढायचे चार्ट फिरतात, त्यांच्या नादी लागू नका, ते अमेरिकेचे आहेत, इथे प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असू शकते. आरसी हातात असताना कशाला तो उपद्व्याप.

स्टेप ४: कंपनीला लेखी विचारा

डीलरच्या सर्व्हिस ॲडव्हायजरला फोन करून "चालतं का हो" विचारलं तर तो "चालतं" म्हणणार, त्याला बिचाऱ्याला दिवसात पन्नास गाड्या काढायच्या असतात. कंपनीच्या कस्टमर केअरला मेल टाका, आणि मेलमध्ये मॉडेल, व्हेरियंट, उत्पादनाचा महिना-वर्ष, चॅसी नंबर द्या. प्रश्न तीनच विचारा, असे:

"माझ्या गाडीचे इंधनाशी संबंधित सर्व पार्ट ई२० साठी मटेरियल कम्पॅटिबल आहेत का? इंजिन ई२० साठी कॅलिब्रेट केलेलं आहे का? नसल्यास कोणते पार्ट बदलायचे, त्यांचे पार्ट नंबर आणि किंमत काय?"

तिसरा प्रश्न मुद्दाम. पहिल्या दोनांना गोलमोल उत्तर देता येतं, "आमच्या गाड्या सर्व सरकारी निकष पाळतात" वगैरे, पण पार्ट नंबर मागितला की कुणाला तरी खरंच कॅटलॉग उघडावा लागतो. उत्तर आलं की जपून ठेवा, वॉरंटीत गाडी असेल तर जास्तच.

इन्शुरन्सबद्दल मध्ये एक मेसेज फिरत होता की ई२० भरलं तर क्लेम मिळत नाही, त्यावर पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये हे निराधार आहे असं जाहीर केलंय.

उत्तर "नाही" आलं तर?

गाडी विकायला काढू नका. माझं मत विचाराल तर ई१० ची गाडी ई२० वर उद्या बंद पडते हे खोटं आणि काहीच फरक पडत नाही हे पण खोटं. मंत्रालयाने स्वतःच म्हटलंय की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी पार्ट आणि गास्केट बदलावे लागू शकतात. तेव्हा पुढच्या सर्व्हिसिंगला एवढं करून घ्या.

मेकॅनिकला सांगा की बोनेट उघडून पेट्रोलच्या लाइनचे रबरी होज हाताने दाबून बघ. चांगला होज दाबला की घट्ट लागतो आणि सोडला की लगेच जागेवर येतो. इथेनॉलने खाल्लेला होज बोटाला बुळबुळीत, मऊ लागतो, क्लॅम्पच्या बाजूला फुगलेला असतो, आणि वाकवला की वरच्या अंगाला बारीक चिरा उघडतात. इंजेक्टरच्या मुळाशी ओलसर डाग, किंवा सकाळी गाडीजवळ गेल्यावर पेट्रोलचा वास, यातलं काही असेल तर त्याच दिवशी काम करून घ्या, ही चालढकल करायची गोष्ट नाही, पेट्रोल आणि गरम इंजिन आहे. होज बदलताना इथेनॉल चालणारा, कंपनीचाच घ्या, मीटरवर मिळणारा साधा काळा पाइप लावू देऊ नका, शंभर-दोनशे रुपये वाचवण्यात काही अर्थ नाही.

फ्युएल फिल्टर पण बघा. इथेनॉल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षं साचलेला गाळ सोडवतं आणि तो सगळा फिल्टरला येऊन बसतो, गाडी चढावर पिकअप घेईना, मिसिंग मारायला लागली की लोक म्हणतात इथेनॉलने इंजिन गेलं, आणि बऱ्याचदा फिल्टर चोक असतो.

ज्यांना थोडी आवड आहे त्यांनी ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर घ्या, ऑनलाइन स्वस्तात मिळतो, स्टिअरिंगच्या खाली सॉकेट असतं तिथे लावायचा आणि मोबाईलवर ॲपमध्ये लाँग टर्म फ्युएल ट्रिम हा आकडा बघायचा. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या लाइनवर ऑक्सिजन सेन्सर असतो, इंधन कमी पडतंय असं दिसलं की कॉम्प्युटर आपोआप जास्त सोडतो, आणि किती जास्त सोडतोय ते हा आकडा सांगतो. ई१० च्या गाडीत ई२० भरलं की हिशोबाने तो चार-पाच टक्क्यांनी वर जायला हवा, तेवढं साहजिक आहे, गाडी सांभाळून घेतेय. तो सतत दहाच्या वर राहत असेल किंवा पी०१७१ (इंधन कमी पडतंय असं सांगणारा) कोडसकट चेक इंजिन लाइट आला तर दुसरं काहीतरी पण बिघडलंय, इंजेक्टर, पंप किंवा कुठेतरी हवा ओढतेय, ते दाखवून घ्या. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांना, तशाच जुन्या स्कूटर-बाइकना, हा सेन्सरच नसतो, त्यांना कुणी सांभाळून घेणारं नाही, त्यांचं कार्ब्युरेटर मेकॅनिककडून सेट करून घ्यावं लागतं.

ॲव्हरेजचं काय

नीती आयोगाचा आकडा असा आहे की मूळ इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई१० ला कॅलिब्रेट केलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई२० वर ६ ते ७ टक्के पडतं, आणि ई१० साठी बनवून ई२० ला कॅलिब्रेट केलेल्या गाडीचं १ ते २ टक्के. म्हणजे पहिल्या प्रकारातली पंधरा देणारी गाडी चौदावर. ऊर्जेचा हिशोब केला तरी साधारण तिथेच येतो. कुणाचं पंधराचं दहा झालं असेल तर सगळं बिल इथेनॉलवर फाडू नका, टायरची हवा, एअर फिल्टर, जाम झालेले ब्रेक पण बघा. आणि डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका. एकाच पंपावर ऑटो कट होईपर्यंत फुल, ट्रिप मीटर शून्य, टाकी खाली आली की परत त्याच पंपावर ऑटो कटपर्यंत फुल, किलोमीटर भागिले लिटर. दोन-तीन टाक्यांची सरासरी काढा मग बोला.

सांगली-कोल्हापूरकडे तर मजाच आहे, ऊस घालायला कारखान्यावर जाणारा आणि २०१२ च्या गाडीचं ॲव्हरेज पडलं म्हणून ओरडणारा माणूस एकच असतो. त्याने कुणाला शिव्या द्यायच्या?

गाडी उभी राहत असेल तर

सीएनजीवाले, फक्त गणपती-शिमग्याला गाडी काढणारे, परदेशी जाऊन-येऊन असणारे, हे तुमच्यासाठी. ई२० थोडंफार पाणी स्वतःत विरघळवून घेतं, पण मर्यादेबाहेर पाणी गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि वर नुसतं पेट्रोल राहतं. पंप तळातूनच ओढतो, मग सेल्फ मारत बसा. कोकणातल्या पावसाळ्यात अर्धी टाकी घेऊन गाडी तीन महिने उभी ठेवू नका, टाकीच्या झाकणाचं रबर तडकलेलं असेल तर आधी बदला. सीएनजीवाल्यांनी आठवड्यातून एकदा पाच-दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवा आणि थोडं थोडं ताजं टाकत राहा. जोरदार पाऊस झाल्यावर पेट्रोल भरून लगेच गाडी बंद पडली तर इंजिन खोलायच्या आधी टाकीतलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून बघायला सांगा, दोन थर दिसले की पाणी. बिल जपून ठेवा, पंपाकडे जायला लागेल.

ई८५, ई१०० हे वेगळं प्रकरण

पुण्यात ५ जून २०२१ ला तीन ठिकाणी ई१०० चा पायलट प्रोजेक्ट सुरू झाला आणि मार्च २०२४ मध्ये इंडियन ऑइलने महाराष्ट्र धरून पाच राज्यांत १८३ पंपांवर ई१०० आणलं. हे साध्या गाडीत अजिबात टाकायचं नाही, ई२० लिहिलेल्या गाडीत पण नाही! त्यासाठी फ्लेक्स फ्युएल गाडी लागते, जी टाकीत किती इथेनॉल आहे ते ओळखून स्वतःला जुळवून घेते. गडकरींनी ऑगस्ट २०२३ मध्ये दाखवलेली इनोव्हा हायक्रॉस तशी होती, पण तो प्रोटोटाइप होता, तुमच्या बिल्डिंगखाली उभी असलेली हायक्रॉस ती नाही. दुचाकीत होंडाची सीबी३००एफ फ्लेक्स फ्युएल ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, ती ई८५ पर्यंत घेते.

"ब्राझीलमध्ये तर कधीपासून चालतंय" असं कुणी म्हणालं तर खरं आहे, तिथे २०२५ च्या ऑगस्टपासून साध्या पेट्रोलमध्येच ३० टक्के आहे. पण तिथे २००३ पासून फ्लेक्स गाड्या विकल्या जातात, आपली २०१५ ची ऑल्टो तिथली नाही.

अमेरिकेतल्या मंडळींसाठी दोन ओळी: तिकडे टाकीचं झाकण किंवा रिंग पिवळी असेल किंवा मागे फ्लेक्सफ्युएल बॅज असेल तर ई८५ चालतं, नसेल तर पिवळ्या नोझलला हात लावू नका, आणि ई१५ ला २००१ आणि पुढच्या मॉडेल वर्षाच्या गाड्यांना परवानगी आहे. इंग्लंडवाल्यांना साधं पेट्रोल ई१० असतं आणि सुपर ई५, गाडी तपासायला सरकारी साइट आहे, त्यावर कंपनी टाकली की झालं.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी

विकणारा "बीएस६ आहे, ई२० चालते" म्हणाला की आरसीवर उत्पादनाचा महिना, फ्लॅपचं स्टिकर आणि मॅन्युअलचं पान, तिन्ही समोर मागा. मॅन्युअलमध्ये ई१० निघालं तर गाडी सोडायची गरज नाही, होज, ओ-रिंग आणि फिल्टरचा खर्च मेकॅनिककडून काढून घ्या आणि तेवढे किंमतीतून कमी करायला सांगा. आणि टेस्ट ड्राइव्हला जाताना आधीच फोन करून सांगायचं, गाडी सुरू करून ठेवू नका, मी येऊन थंड इंजिनवर पहिला सेल्फ मारणार.